पेट्रोलच्या वासाचं पान

ता. ९ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरी आहेस ना’ एवढं विचारता आणि लगेच आईच्या हातात रिसीव्हर देता, म्हणून हे पत्र. बसून वाचा. आधी चष्मा शोधा, बहुतेक कपाळावरच असेल.

बातमी अशी की आमच्या हॉटेलातले तळघरवाले जूनमध्ये निवृत्त होतायत. मागे त्यांच्याबद्दल सांगितलं होतं बघा. जेवणाच्या हॉलमध्ये कुठल्या पाहुण्याला कुठली वाइन द्यायची, तळघरातली कुठली बाटली उघडायची वेळ झाली, कुठली अजून झोपू द्यायची, ते सगळं तेच बघतात. त्यांच्या जागेसाठी मे महिन्यात परीक्षा आहे. एक लेखी पेपर, आणि मग तीन परीक्षकांसमोर सहा पेले. पेल्यात काय आहे, पाहुण्याला द्यायचं की बिघडलंय म्हणून परत पाठवायचं, ते हुंगून आणि चाखून सांगायचं. मी नाव दिलंय.

हसू नका. हॉलमध्ये आधीच हसून झालंय. चौघांनी नाव दिलंय, त्यातल्या तिघांच्या घरी जेवणाच्या टेबलावर लहानपणापासून बाटली असते. आपल्या घरी खोकल्याच्या औषधापलीकडे काही नाही. एक जण तर म्हणाला की हिला लाल आणि पांढरी ओळखता आली तरी पुष्कळ झालं. तेव्हापासून डोकं तापलंय. दोन वर्षं मी ट्रे उचलतेय. ही जागा आता भरली की पुन्हा रिकामी व्हायला वीस वर्षं जातील. मला ती हवी म्हणजे हवीच.

अडचण पुस्तकांची आहे. इथल्या दुकानात वाइनच्या पुस्तकांची अख्खी भिंत आहे. एकेक पुस्तक तान्ह्या बाळाएवढं जड, आत नुसते डोंगर आणि मावळते सूर्य. कुठलं खरं कामाचं आणि कुठलं दिवाणखान्यात मांडायचं, मला कळत नाही. तुमच्या हाताखालून मात्र हजारो पुस्तकं गेलीत. तेव्हा बाबा, मला वाइनवरची चांगली पुस्तकं शोधून द्या. आईला तुम्हीच सांगा, मला धीर होत नाही.

तुमचा लोभ आहेच, तो या वेळी पुस्तकांच्या रूपाने यावा.

तुमची,
नकटी


ता. २० जानेवारी

चि. नकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. चष्मा कपाळावरच होता.

आईला सांगितलं. ती पहिल्यांदा खुर्चीत बसली, मग उठली, मग तिने विचारलं की पोरगी रोज सहा पेले पिणार का. मी म्हटलं, चाखून थुंकतात. थुंकायचंच असेल तर घ्यायचं कशाला, असं तिचं म्हणणं आहे. तुला उत्तर सुचलं तर कळव.

आता माझं. नाकावरून आम्ही तुला जन्मभर चिडवलं आणि तू नेमकी नाकाच्या धंद्यात शिरतेस, याला काय म्हणावं! पण नाव दिलंस ते झकास केलंस. त्या तिघांच्या घरी बाटली असेल, तुझ्या घरी पुस्तकं आहेत. बघू कोण पुढे जातं ते.

लायब्ररीत आमच्या ग्रंथपालबाईंकडे वाइनची पुस्तकं मागितली. अडतीस वर्षं मला सुई-दोऱ्याशिवाय काही मागताना त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी भुवई वर केली आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं. मी ताठ मानेने म्हटलं, मुलीच्या परीक्षेसाठी हवीत. मग शोधाशोध. काही पुस्तकं शेतीच्या कपाटात, काही स्वयंपाकाच्या, आणि दोन चक्क आजारांच्या कपाटात! सगळी बाइंडिंगच्या खोलीत आणून टेबलावर मांडली.

पुस्तक चांगलं की वाईट, ते मी कसं ओळखतो ते सांगतो. मी ते मागून बघतो. जे पुस्तक चित्रांच्या पानांवर मळलंय आणि मजकुराच्या पानांवर कोरं करकरीत आहे, ते नुसतं बघायचं पुस्तक. ज्याची पाठ एकाच ठिकाणी मोडलीय, त्यात एकच गोष्ट कामाची. ज्याची पाठ सगळीकडून सारखी ढिली झालीय, ते लोकांनी खरोखर वाचलंय. आणि डाग बघायचे. पानावर सांडलेलं शेजारच्या पानावर उतरतंच. माणसं पुस्तकाबद्दल काहीही सांगतील, डाग खोटं बोलत नाही.

या हिशोबाने अकरातली दोन उरली. एक द्राक्षांच्या जातींवरचं, लेखक शेतकी कॉलेजातला मास्तर आहे. रुक्ष आहे, पण एकही पान कोरं नाही. दुसरं प्रवासाचं. लिहिणाऱ्या बाई गावोगाव फिरल्या आणि जिथे वाइन आवडली नाही तिथे तसं स्पष्ट लिहिलं. मला ती बाई आवडली. ग्रंथपालबाईंनी दोन्ही माझ्या नावावर तीन महिन्यांसाठी दिलीत. पानं दुमडू नकोस, नाहीतर तिथे येऊन कान उपटीन.

प्रकृतीला जप. आमचा लोभ काय, तो तुझ्या मागे लागलेलाच आहे.

तुझे,
बाबा


ता. ८ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पुस्तकं मिळाली. मास्तरांचं पुस्तक वाचताना दोनदा डुलकी लागली, पण द्राक्षांच्या तीस जाती पाठ झाल्या. प्रवासवाल्या बाईंची मी तर भक्तच झाले. एका ठिकाणी त्या लिहितात की मालकाने फार आग्रह केला म्हणून दुसरा पेला घेतला आणि पहिल्याचा राग दुप्पट झाला! आईला सांगा, थुंकण्याबद्दल त्या म्हणतात की पोट भरलं की नाक झोपतं, म्हणून थुंकायचं.

पण चांगली वाइन बिघडलेलीपासून कशी ओळखायची, ते दोन्हींत नाही, आणि परीक्षेत खरा घात तिथेच आहे. पाहुण्याला खराब पेला दिला तर नाक कापलं जातं आणि चांगला परत पाठवला तर हसं होतं. तळघरवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, यावर एकच खरं पुस्तक आहे, पण ते आता छापत नाहीत. लेखक आधी लाकडी पिंपं बनवायचा, मग चाळीस वर्षं एका तळघराची राखण केली. सगळे त्याला पिंपवाल्याचं पुस्तक म्हणतात. तळघरवाल्यांनी तरुणपणी ते कुणाला तरी वाचायला दिलं आणि ते परत आलं नाही. अजून हळहळतात बिचारे.

बाबा, कुठे दिसलं तर बघा ना.

लोभ आहे तो असू द्या, शिवाय डोळे उघडे ठेवा.

तुमची,
नकटी


ता. १९ मार्च

चि. नकटीस,
अ. उ. आ.

सापडलं! पिंपवाला सापडला!

आणि कुठे, तर माझ्याच पायाशी. लायब्ररीच्या तळमजल्यावर बाद पुस्तकांचा ढीग असतो, त्यातून जुने पुठ्ठे काढायला मी जातो. तिथे तळाशी हा पडला होता. ओल लागलेली, दोरा कुजलेला, पाठीचं कापड गायब. पण नकटे, पाठ सगळीकडून सारखी ढिली झाल्याच्या खुणा अजून दिसत होत्या. ग्रंथपालबाईंनी लेखी परवानगी दिली, म्हणजे आता पुस्तक आपलं.

बांधायला मात्र त्याने माझा घाम काढला. शेवटची सत्तर-ऐंशी पानं सुटी झालेली, आणि सगळ्या पुस्तकाची खालची कड बुरशीने खाल्लेली. बोटभर कापावी लागली. पानांचे आकडे खालच्या कडेलाच होते, ते गेले. मला काळजी नव्हती, कारण सुटी पानं मी ओळीने ठेवली होती. घरी मागच्या खोलीत दोरीवर ओळीने वाळत घातली. आणि तुझ्या मातोश्री आल्या, किती कोंदट झालंय म्हणाल्या, आणि त्यांनी पंखा लावला.

पुढचं काय सांगू! पलंगाखाली, कपाटावर, बादलीत, सगळीकडे पिंपवाला. आकडे नाहीत, म्हणजे आता एकच उपाय, वाचून लावायचं. अडतीस वर्षं पुस्तकं बांधली, त्यातली वाचली किती ते विचारू नकोस. हे मात्र सबंध वाचलं, पंधरा दिवस, ओळ न् ओळ. काय माणूस आहे! एका प्रकरणाची सुरुवातच अशी की त्या वर्षी चाळीस पिंपं मी माझ्या हाताने नासवली, ती कशी ते ऐका. स्वतःची चूक छापून ठेवायला छाती लागते. तो पिंपं बांधायचा, मी पुस्तकं बांधतो, आमचं जमलं.

एका पानाने फार छळलं. नव्या परिच्छेदाने सुरू होतं आणि पूर्णविरामाने संपतं, त्यामुळे कुठेही बसेल. त्यात लिहिलंय की पाच-सात वर्षं बाटलीत राहिली की हिला पेट्रोलचा वास येऊ लागतो आणि नवखा पाहुणा पेला दूर सारतो. ही म्हणजे कुठली, ते पानावर नाही. मग मी अक्कल चालवली. पेट्रोलचा वास येणारी वस्तू बिघडलेलीच असणार, शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा ते पान बिघडलेल्या वाइनच्या प्रकरणात घातलं. कसं चपखल बसलंय बघच. अडतीस वर्षांत माझ्या हातून एक पान इकडचं तिकडे झालेलं नाही, ते आईच्या पंख्यामुळेही होणार नाही.

डाग मी धुतले नाहीत. ते त्या पुस्तकाचे आहेत, आपले नव्हेत. पाठ निळ्या कापडाची घातलीय, तुझ्या शाळेच्या दप्तराचं उरलेलं होतं.

अभ्यास कर, जेवत जा. लोभ या पुस्तकात शिवून पाठवलाय.

तुझे,
बाबा


ता. ४ एप्रिल

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पुस्तक उघडलं आणि बाइंडिंगच्या खळीचा वास आला, तुमच्या शर्टाला येतो तो. मग निळी पाठ पाहिली आणि दप्तर आठवलं. एवढं सुंदर पुस्तक या हॉटेलात कुणाकडे नाही, मालकाकडेही नाही.

रोज दुपारी हॉल रिकामा झाला की चादरी इस्त्री करायच्या खोलीत जाते, तिथल्या लांब टेबलावर पिंपवाला उघडते आणि दोन तास वाचते. तळघरवाल्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि किती तरी वेळ नुसतं उलटसुलट करत राहिले. हे कुणी बांधलं, असं विचारलं. माझ्या वडिलांनी, असं मी इतक्या मोठ्याने सांगितलं की इस्त्रीवाल्या बाई दचकल्या.

बिघडलेल्या वाइनचं प्रकरण तर मला झोपेतही म्हणता येईल. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब. व्हिनेगरचा आला तर हवा लागली. पेट्रोलचा आला तर परत पाठवा. महागड्या बाटल्या मला कोण हुंगायला देणार, म्हणून मी साधे वास जमवते. पेन्सिलीचा भुसा, भिजलेला पुठ्ठा, सफरचंदाची साल, सगळं छोट्या बरण्यांत. खोलीतल्या मैत्रिणीला वाटतं माझं डोकं फिरलंय.

लाल-पांढरीवाला गृहस्थ काल माझ्याकडे पुस्तक वाचायला मागत होता. मी म्हटलं, इथेच बसून वाच, बाहेर जाणार नाही. तळघरवाल्यांचं काय झालं ते मला माहीत आहे. परीक्षा १२ मेला.

आशीर्वाद भरपूर पाठवा, लोभ तर आहेच.

तुमची,
नकटी


ता. १४ मे

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

मिळाली! जागा मला मिळाली! चौघांत मी पहिली. लेखीत दुसरी होते, पेल्यांत पहिली. सहाच्या सहा बरोबर.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलत होतात, त्यामुळे काही सांगताच आलं नाही. लांब टेबल, पांढरी चादर, समोर तीन परीक्षक, मधल्या बाई कडक. पहिले दोन पेले सोपे. तिसरा फार अवघड गेला, त्याला मी बराच वेळ घेतला. पण झालं एकदाचं. पाचव्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास होता, पिंपवाल्याने लिहिलंय अगदी तसा. शेवटी कडक बाई उठल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. लाल-पांढरीवाल्याने सगळ्यांसमोर माफी मागितली. मी उदारपणे दिली, पण पटकन नाही.

तळघरवाल्यांनी तुमचा पत्ता लिहून घेतलाय. काहीतरी पाठवणार आहेत, काय ते सांगत नाहीत.

बाबा, त्या खोलीत मी एकटी नव्हते. तुम्ही माझ्याबरोबर होतात. कसे ते कधीतरी सांगेन.

दोघांचा लोभ मला असाच पुरत राहो.

तुमची,
नकटी


ता. २ जून

चि. नकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी बाइंडिंगच्या खोलीत काचेखाली ठेवलंय. येणाऱ्याला वाचायला लागतं, नाहीतर त्याचं पुस्तक मी हातात घेत नाही. ग्रंथपालबाईंना मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्यांनीच मला सांगून टाकलं. छाती एवढी फुगलीय की आई म्हणते शर्टाची बटणं शिवून ठेवते.

आता जरा नाजूक गोष्ट. तुझ्या तळघरवाल्यांचं पुडकं आलं. आत पांढऱ्या वाइनची बाटली आणि चिठ्ठी. ज्यांनी पुस्तक बांधलं त्यांना, तुमच्या मुलीच्या परीक्षेतल्या तिसऱ्या पेल्यात हीच होती, असं लिहिलंय. किती भला माणूस! पिण्याचा प्रश्न नाही, पण मान ठेवायचा म्हणून उघडून हुंगावं म्हटलं. बूच काढायला काही नव्हतं, पुठ्ठ्याला भोकं पाडायच्या टोच्याने काढलं.

नकटे, बाटली बिघडलेली आहे. सपशेल पेट्रोल! पंपावर उभं राहावं तसा वास. पिंपवाल्याचं बिघडलेल्या वाइनचं प्रकरण मला तुझ्याइतकंच पाठ आहे, त्यामुळे शंकाच नाही. म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी टोपी घातलीय. तू त्यांना हळूच सांग, त्यांचं मन दुखवू नकोस. आणि बघ, बिघडलेली वाइन मीही एका दमात ओळखली. नाक कुणाकडून आलं ते आता कळलं ना? आकार सोड, गुण बघ.

आमचा लोभ आता हॉटेलच्या पत्त्यावर मावत नाही, जागा कर.

तुझे,
बाबा


ता. १३ जून

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तीन दिवस हे पत्र लिहून खिशात घेऊन फिरतेय. तुम्हाला खोटं सांगून वेळ मारून नेता आली असती, बाटली वाटेत तापली असं काहीतरी. पण तुमच्याशी खोटं बोलायला जीव होत नाही.

बाबा, बाटली उत्तम आहे. रीसलिंग नावाच्या पांढऱ्या द्राक्षांची आहे. ही वाइन जुनी झाली की कधीकधी तिला पेट्रोलसारखा वास येतो, आणि जाणकार त्यासाठी वर्षानुवर्षं थांबतात. ते पान बिघडलेल्या वाइनच्या प्रकरणातलं नाही. ते रीसलिंगच्या प्रकरणातलं आहे.

मला हे परीक्षेच्या टेबलावर कळलं. तिसरा पेला नाकाशी नेला आणि पेट्रोल. लगेच तुमचं पान डोळ्यांसमोर आलं, परत पाठवा म्हणायला तोंड उघडलंच होतं. पण आधी चाखायचं असतं म्हणून चाखलं, आणि जिभेवर ती इतकी स्वच्छ, इतकी जिवंत लागली की मी घाबरले. नाक आणि पुस्तक एक सांगतंय, जीभ दुसरंच. समोर कडक बाई घड्याळ बघतायत. ते पुस्तक तुम्ही बांधलेलं, त्यात चूक असेल असा विचारही पाप वाटत होता.

तेवढ्यात मला डाग आठवला. त्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात चहाच्या रंगाचा अर्धा गोल आहे. रोज बघत होते, कधी विचार केला नाही. शेजारच्या दोन्ही पानांवर तो नाही. तसाच अर्धा गोल रीसलिंगच्या प्रकरणातल्या पानांवर आहे, ओळीने, एका पानावरून पुढच्यावर उतरत गेलेला, आणि मध्येच एका जागी एकदम फिका झालाय. तिथलं एक पान गायब आहे, हे मला त्या टेबलाशी बसल्याबसल्या दिसलं.

मी म्हटलं, जुनी रीसलिंग आहे, उत्तम आहे, पाहुण्याला अभिमानाने द्यावी. बाईंनी विचारलं की हे कुठे वाचलंस. मी म्हटलं, वाचलंय उलटंच, पण ते पान त्या जागेचं नाही. त्यांनी विचारलं की कशावरून म्हणतेस. मी म्हटलं, मी बाइंडरची मुलगी आहे.

मी हे लपवलं, कारण एक पान इकडचं तिकडे झालं नाही, हे तुम्ही किती अभिमानाने सांगता ते मला माहीत आहे. तो अभिमान मोडणारी मी असू नये असं वाटलं. रागावलात तरी चालेल, गप्प बसू नका.

लोभ कमी झाला असेल तर तसं कळवा, मी येऊन वाढवून घेईन.

तुमची,
नकटी


ता. २४ जून

चि. नकटे,
अ. उ. आ.

मी क्वचित लिहिते, तेव्हा अक्षर लावून घे. तुझं पत्र आलं आणि हे गप्प झाले. अडतीस वर्षांत पहिल्यांदा कामावर गेले नाहीत. दिवसभर बाटली समोर ठेवून बसतात, बूच काढतात, हुंगतात, परत लावतात. जेवायला बोलावलं तर येतात, पण वाढलेलं काय होतं ते विचार, सांगता येणार नाही.

शेवटी मीच वैतागले. म्हटलं, पंखा मी लावला होता, तेव्हा निम्मी चूक माझी, तिच्यावर तुम्ही एकट्याने हक्क सांगू नका. त्यावर जरा हसले. मग दोन पुस्तकांची नावं सांगून मला लायब्ररीत पिटाळलं. स्वतः बाईंसमोर जायची लाज वाटत होती. दोन्ही पुस्तकं वाचून काढली आणि दोन्हींत तुझंच बरोबर निघालं.

मी ती वाइन चमचाभर घेऊन पाहिली, यांना सांगू नकोस. आंबट आहे. दुसरा चमचा बरा लागला.

आज सकाळी ते दाढी करून कामावर गेले. पत्र येईल. काळजी करू नकोस. माझा लोभ तुझ्यावर आहे आणि थोडा त्या बाटलीवरही.

तुझी,
आई


ता. २७ जून

चि. नकटीस,
अ. उ. आ.

आठ दिवस राग होता. कुणावर ते कळेना. तुझ्यावर धरून बघितला, टिकला नाही. आईच्या पंख्यावर धरला, तिने तो टिकू दिला नाही. शेवटी जिथला होता तिथेच आला. पान वाऱ्याने उडालं हे खरं, पण चुकीच्या जागी घातलं ते मीच. वास वाईट म्हणजे वस्तू वाईट, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वर तोंड करून तुला शेंबडं पोर वगैरे लिहिलं! डाग समोर होता. जगाला डाग बघा म्हणून सांगतो आणि ऐन वेळी मीच मजकुराच्या मागे लागलो. वाचायची सवय नसली की असं होतं.

पण नकटे, एक गोष्ट मी तुझ्या पत्रात दहा वेळा वाचली. तू परीक्षेतल्या बाईंना काय सांगितलंस ती. मी आजवर एक पान न चुकवल्याचा तोरा मिरवला. आता तो गेला, आणि खरं सांगतो, मला त्याचं काहीच वाटत नाही. बापाच्या हातच्या पुस्तकावर डोळे मिटून विश्वास ठेवणारी मुलगी कुणाचीही असते. तू बापाचंच पुस्तक बापाच्याच डोळ्यांनी तपासलंस आणि चूक धरलीस. असला अभिमान मला कुठल्याही बांधणीने दिला नव्हता. ग्रंथपालबाईंना ही हकीकत मी स्वतः सांगितली, माझ्या चुकीसकट. पिंपवाल्याला जमलं ते मला का जमू नये?

पुस्तक परत पाठवायचं नाही. मी ते उसवणार नाही. पान आहे तिथेच राहू दे. तळघर आता तुझं आहे. तुझ्या हाताखाली उद्या कुणी नवं आलं की त्याला ते पुस्तक वाचायला दे, त्या पानापर्यंत येऊ दे, आणि बघ त्याला डाग दिसतो का.

फक्त सोबतची चिठ्ठी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, पुठ्ठ्याच्या आत लाव. खळ लाव, गोंद नको, आणि फक्त एका कडेला. पुस्तकात लिहिणाऱ्याचं नाव असतं, छापणाऱ्याचं असतं, बांधणाऱ्याचं कुठेच नसतं. हजारो पुस्तकं बांधली, एकावरही सही केली नाही. ही पहिली.

बाटली रोज हुंगतो. आता पेट्रोलच्या मागे मधही येतो. तुझ्या आईला वाटतं मला चमच्यांचं माहीत नाही.

लोभ वाढवावा असं लिहायची पद्धत आहे, पण आमच्याकडे आता वाढायला जागा उरलेली नाही.

तुझे,
बाबा

सोबत चिठ्ठी:

शुद्धिपत्र
पेट्रोलच्या वासाचं पान रीसलिंगच्या प्रकरणातलं आहे. बांधणाऱ्याने आपली अक्कल चालवून ते बिघडलेल्या वाइनच्या प्रकरणात घातलं. वाचणारीने डागावरून त्याची खरी जागा ओळखली. पान हलवू नये.
सही: बांधणारा, वाचणारीचा बाप.